भोसरीतल्या एका गोल्फरचे मैलाचे दगड

रविवारी सकाळी माझा फोन का लागत नाही, असं बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

रविवारी सकाळी मी गोल्फच्या मैदानावर असतो.

हसून झालं असेल तर पुढे सांगतो. मी खेळायला जात नाही. माझा एक मित्र जातो, त्याला सोबत म्हणून मी जातो. भोसरी एमआयडीसीत त्याची शेड आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी, वडिलांच्या काळातले दोन लेथ आणि 14 माणसं. बुश, पिना, स्पेसर असले छोटे जॉब बनवून तो चाकणच्या एका कंपनीला देतो. मूळचा खेड तालुक्यातला. घरात बैलगाड्याचा नाद, आजोबांच्या बैलांनी घाटात फळीफोड केल्याचा फोटो अजून शेडच्या ऑफिसात आहे. असा माणूस वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकला. का शिकला आणि पुढे काय झालं, ते सांगायचंय.

त्याचं, कंपनीचं, तिथल्या साहेबांचं आणि मैदानाचं नाव लिहिणार नाही. नावं लिहिली तर माझे लाइक वाढतील आणि त्याच्या ऑर्डरी कमी होतील.

तर सुरुवात अशी. चाकण-तळेगाव पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन कंपन्या आल्या. त्यांच्याबरोबर त्यांचे अधिकारी आले आणि अधिकाऱ्यांबरोबर गोल्फच्या बॅगा. हळूहळू आपले देशी अधिकारीही खेळायला लागले. मित्राच्या कंपनीतले परचेसचे मोठे साहेब त्यातलेच. ऑफिसात ते कधी मीटिंगमध्ये, कधी लाइनवर, कधी दिल्लीला. तीन महिने चकरा मारून मित्र थकला. मग दुसऱ्या एका सप्लायरने कानात सांगितलं, "अरे, साहेब ऑफिसात भेटत नसतात. रविवारी सकाळी मैदानावर भेटतात."

आमच्या भोसरीत सुट्टी गुरुवारी. साहेबांची रविवारी. म्हणजे शेडमध्ये मशीन चालू ठेवून मालकाने मैदानावर जायचं. वहिनींनी विचारलं, "हे काय नवीन?" तो म्हणाला, "मार्केटिंग." त्याने मला ओढलं, कारण इंग्रजी बोलणाऱ्या माणसांत एकट्याला जायला तो बिचकत होता. मी पत्रकार म्हणजे मला सगळं येतं, असा त्याचा गैरसमज. मीही म्हटलं, एखादी बातमी मिळेल. दोन वर्षांत बातमी मिळाली नाही, ही पोस्ट तेवढी मिळाली.

मित्राला एक सवय आहे. शेडमध्ये प्रत्येक जॉबचं कार्ड असतं, त्याच्या कोऱ्या बाजूवर तो काहीबाही लिहून ठेवतो. गोल्फमधली स्वतःची प्रगतीही त्याने तशीच लिहिलीय. वर मोठ्या अक्षरात 'माइलस्टोन'. त्याच्या परवानगीने त्यातले काही इथे देतो.

माइलस्टोन 1 : गेट पार.

पहिल्या दिवशी आम्ही त्याच्या छोट्या हत्तीतून गेलो, कारण कार सर्व्हिसिंगला होती. मागे दोन रिकामे क्रेट खडखडत होते. गेटवरच्या वॉचमनने हात केला. "डिलिव्हरी कुठली? मागच्या गेटने घ्या." मित्र म्हणाला, "खेळायला आलोय." वॉचमनने क्रेटकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं आणि रजिस्टर पुढे केलं. त्यात नावापुढे 'कोणाकडे काम' असा रकाना होता. मित्राने साहेबांचं नाव लिहिलं. खरं तेच होतं.

माइलस्टोन 2 : वारा घातला.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 18 होल असतात. प्रत्येक होलसाठी किती फटके लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. सगळ्यांची बेरीज साधारण 72 होते. जेवढे कमी फटके तेवढा खेळाडू चांगला. बॅगेत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात. मित्राला हा नियम फार आवडला. "माझ्याकडं पण 14च माणसं आहेत. एकाला काढता येत नाही, एकाला घेता येत नाही."

त्याचा पहिला अंदाज असा होता की हे म्हणजे विटीदांडू. विटी तर हवेत उडवून मारायची असते, इथे चेंडू बिचारा जागेवर बसलेला. यात काय अवघड? त्याने पाय रोवले, दांडू फिरवतात तशी काठी फिरवली. सूं असा आवाज आला. चेंडू जागेवरच होता. दुसऱ्यांदा फिरवली. चेंडू जागेवरच.

बॅग उचलणारे कॅडी उभे होते, पन्नाशीच्या पुढचे. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते गंभीरपणे म्हणाले, "साहेब, वारा छान लागला. पण दोन झाले."

हवेत मारलेला फटकाही मोजतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. चेंडूला मारायचं म्हणून काठी फिरवली की झाला एक फटका, लागो न लागो. मित्राने कार्डावर लिहिलंय : 'माल गेला नाही तरी बिल लागतं. आमच्या धंद्यात उलटं.'

मीही एकदा फिरवून पाहिली. चेंडू तिथेच राहिला, गवताचं मोठं ढेकूळ मात्र चांगलं वीस फूट गेलं. मामांनी ते उचलून आणलं, परत जागेवर बसवलं आणि पायाने दाबलं. माझी गोल्फ कारकीर्द तिथे संपली.

माइलस्टोन 3 : व्हर्निअर लावला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारनंतर मित्राने एक चेंडू शेडमध्ये नेऊन मोजला. नियमाप्रमाणे चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही आणि वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. होलचा व्यास 108 मिलिमीटर. मित्राने वजाबाकी केली आणि मला फोन केला, रात्री साडेदहाला.

"अरे, पासष्ट मिलिमीटरचा क्लिअरन्स आहे! मी दिवसभर वीस मायक्रॉनमध्ये जॉब बसवतो. आणि इथं पासष्ट मिलिमीटर जागा असून माझा जॉब बसत नाही. तीन-तीनदा रिवर्क!"

त्या आठवड्यात शेडमधल्या पोरांना कोणीही रिजेक्शनवरून बोललं नाही. मालकाचं स्वतःचं रिजेक्शन नव्वद टक्के चाललं होतं.

माइलस्टोन 4 : स्वतःचाच माल विकत घेतला.

पहिले सहा महिने तो एका फेरीत आठ-दहा चेंडू हरवायचा. झाडीत, नाल्यात, तळ्यात. हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, 2019 पासून तीनच. तीन मिनिटांत सापडला नाही तर दंडाचा एक फटका आणि पुन्हा मागे जाऊन मारा. नवीन चांगला चेंडू दोनशे-तीनशेला पडतो. म्हणून तो मामांकडून जुने, धुतलेले चेंडू घ्यायला लागला, तीस रुपयाला एक.

आपला चेंडू ओळखता यावा म्हणून त्यावर खूण करायची पद्धत आहे. बाकीचे आपली आद्याक्षरं टाकतात. मित्र मार्करने लॉट नंबर टाकतो. एका रविवारी मामांनी पिशवीतून चेंडू काढून दिला, त्यावर त्याचाच लॉट नंबर. दोन महिन्यांपूर्वी तळ्यात गेलेला. त्याने तीस रुपये दिले आणि मुकाट्याने खिशात टाकला.

कार्डावर नोंद : 'एकच माल दोनदा खरेदी. ऑडिटला काय सांगणार?'

त्यानंतर चार महिन्यांनी असा रविवार आला की, ज्या चेंडूने सुरुवात केली त्याच चेंडूने अठरावा होल संपला. त्या दिवशी स्कोअर भयंकर होता, पण याने आम्हाला मिसळ खाऊ घातली. जपानमध्ये म्हणे एका फटक्यात चेंडू होलमध्ये गेला, म्हणजे होल-इन-वन झाला, तर खेळाडूनेच सगळ्यांना पार्टी द्यावी, भेटी द्याव्यात असा रिवाज आहे. तो खर्च इतका होतो की त्यासाठी तिकडे चक्क विमा मिळतो. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आपल्याला चेंडू हरवला नाही तर मिसळ. विम्याची गरज नाही."

माइलस्टोन 5 : एक हात गोरा.

उजव्या हाताने खेळणारे डाव्या हातात मोजा घालतात, पकड सुटू नये म्हणून. वर्षभर उन्हात खेळल्यावर मित्राचा उजवा हात काळा पडला आणि डावा मनगटापासून पुढे गोरा राहिला. घरी सत्यनारायण होता. हातात पाणी घेताना गुरुजी थबकले आणि हळूच म्हणाले, "यजमान, डाव्या हाताला काही... डॉक्टरांना दाखवलंत का?" वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

माइलस्टोन 6 : खरा आकडा सांगितला.

हे कार्ड मला सगळ्यात आवडतं. गोल्फमध्ये रोजच्या खेळाला पंच नसतो. झाडीत तुम्ही एकटे असता. चेंडू पायाने सरकवला, दोन फटके जास्त मारले, तरी बघायला कोणी नसतं. आपले फटके आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. पहिल्यापहिल्यांदा मित्र 130 सांगायचा. मी मागून मोजत असायचो, ते 150च्या पुढे असायचे. मी बोलायचो नाही. एका रविवारी त्याने विचारलं, "तू मोजलेस?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "मग लिही. 151." त्यानंतर त्याने कधी चोरला नाही. आणि गंमत म्हणजे त्यानंतरच आकडा खाली यायला लागला. 140, 128, 115. मग एकदा 99. शंभरच्या आत येणं हा हौशी माणसाचा मोठा टप्पा. बैलगाड्याच्या घाटात सेकंद खाली आल्यावर जी शिट्टी मारतात, तशी शिट्टी त्याने त्या हिरवळीवर मारली. चार होल लांबून लोकांनी वळून पाहिलं.

या खेळात हँडिकॅप नावाचा प्रकार आहे. तुम्ही किती कच्चे आहात याचा एक अधिकृत आकडा निघतो आणि तेवढे फटके तुम्हाला सूट मिळतात. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे आणि त्यात जास्तीत जास्त 54पर्यंत हँडिकॅप मिळतो. म्हणजे नवशिका आणि मुरलेला माणूस एकाच मैदानात बरोबरीने खेळू शकतात. मित्राला हे कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लहानाला सूट देतात आणि त्याला भीक म्हणत नाहीत. नियमच आहे."

मला वाटलं तो गोल्फबद्दल बोलतोय.

माइलस्टोन 7 : हरायला शिकलो.

आता खरी गोष्ट.

पहिलं वर्ष तो साहेबांबरोबर खेळायचा आणि हरायचा. त्यात काही कष्ट नव्हते, आपोआप हरायचा. साहेब खूश. खांद्यावर हात ठेवून चुका सांगायचे. खेळ संपला की पाचशेची पैज हरलेली असायची, ती हा लगेच द्यायचा. मग नाश्ता करताना हळूच विषय काढायचा, "साहेब, ते बिल जरा..." साहेब म्हणायचे, "अकाउंट्सला बघायला सांगतो."

दुसऱ्या वर्षी पंचाईत झाली. हा सुधारला. हँडिकॅप धरून हिशोब केला तर हा जिंकायला लागला असता. आणि साहेबांना हरणं आवडत नाही, हे सगळ्या सप्लायर मंडळींना माहीत होतं. एकाने तर सांगितलं, "मी जिंकलो त्या महिन्यात माझे दोन लॉट क्वालिटीत अडकले." योगायोग असेल. पण चौदा घरं चालवणारा माणूस योगायोगाचीही भीती बाळगतो.

म्हणून त्याने मुद्दाम चुकायला सुरुवात केली. हे सोपं नाही. फार चुकलं तर कळतं, कमी चुकलं तर जिंकतो. शेवटच्या दोन-तीन होलवर, हिरवळीवर गेल्यावर चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा असतो, त्याला पट म्हणतात. दोन-अडीच फुटांवरून तो ढकलताना मनगट किंचित वळवायचं, म्हणजे चेंडू कडेला चाटून जातो. "अरेरे!" म्हणायचं. साहेब म्हणतात, "हार्ड लक!" यात तो इतका तरबेज झाला की कार्डावर लिहून ठेवलंय : 'आता हवा तिथून चुकवता येतो. खरी प्रगती.'

मी वाचून हसलो. तो हसला नाही.

कारण त्याच वेळी शेडमध्ये काय चाललं होतं ते ऐका. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या मालाचं साडेअकरा लाखांचं बिल अडकलं होतं. कायदा काय सांगतो? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी 2006चा कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार काहीही असो, 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत. करार नसेल तर 15 दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी 2017मध्ये 'समाधान' नावाचं पोर्टल सुरू झालं. शिवाय आयकर कायद्यात 2023-24च्या आर्थिक वर्षापासून तरतूद आली की, लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला त्या वर्षी तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. कागदावर याहून चांगला हँडिकॅप कुठला?

पण वापरणार कोण? व्याज मागायचं म्हणजे गिऱ्हाईकाला नोटीस पाठवायची. पोर्टलवर तक्रार टाकायची म्हणजे पुढच्या ऑर्डरीला रामराम. मी माझ्या ओळखीच्या पंधरा-वीस शेडवाल्यांना विचारलं, तिप्पट व्याज कधी मागितलं का? सगळे असे हसले, जणू मी त्यांना होल-इन-वन किती मारलेत असं विचारलं. आयकराच्या तरतुदीचा धाक मार्चमध्ये थोडा दिसतो, कारण हिशोब 31 मार्चला बघतात. जूनच्या बिलाला मार्चपर्यंत बराच वेळ असतो.

आणि तोवर काय काय थांबत नाही, तेही सांगतो. पगार थांबत नाही. विजेचं बिल थांबत नाही. स्टीलवाला आगाऊ पैसे मागतो. जीएसटी तर सगळ्यात भारी. गिऱ्हाईकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या विसाव्या तारखेपर्यंत कर भरायचा. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर याने खिशातून भरलेला. बँकेच्या कॅश क्रेडिटवर व्याज चालू. साडेअकरा लाख हे कंपनीसाठी एका रकान्यातली एक ओळ. याच्यासाठी ते चौदा जणांचा दिवाळीचा बोनस होता.

सप्टेंबरात एका ऑपरेटरने विचारलं, "शेठ, बोनसचं यंदा कसं?" मुलीच्या डिप्लोमाची फी भरायची होती त्याला. मित्र म्हणाला, "दसऱ्यापर्यंत सांगतो."

गेल्या सप्टेंबरचा शेवटचा रविवार. नवरात्र चालू. पहाटे पाऊस पडून गेलेला, हिरवळ ओली. बिलाला 115 दिवस झाले होते. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. खेळ मात्र लागला. सोळाव्या होलपर्यंत बरोबरी. सतराव्यावर त्याने नेहमीप्रमाणे एक सोडला, पण साहेबांचाही चेंडू तळ्यात गेला, त्यामुळे तिथेही बरोबरीच राहिली. अठराव्यावर साहेबांचा संपला. याचा दोन फुटांचा पट राहिला. घातला तर जिंकला.

तो खाली वाकून लाइन बघत होता, तेव्हा मामा झेंडा धरून शेजारी उभे होते. मामांबद्दल एक सांगायचं राहिलं. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा कॅडी मंडळी खेळतात. मामांचा खेळ मी एकदा बघितलाय. तिथल्या निम्म्याहून जास्त सभासदांना ते एका हाताने हरवतील. आपल्याकडे हे नवीन नाही. 1991मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर, तो मूळचा दिल्लीचा कॅडी. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळून आला तेव्हा मामांनीच आम्हाला त्याच्या स्विंगबद्दल अर्धा तास सांगितलं होतं. असा माणूस पंचवीस वर्षं दुसऱ्याची बॅग उचलतोय, तो विषय पुन्हा कधीतरी.

तर मामा खाली न बघता, झेंड्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "साहेब, चुकवायचा असला की तुम्ही श्वास धरून ठेवता. मला सहा महिने दिसतंय."

मित्राने वर पाहिलं. मग खाली पाहिलं. मला ऐकू येईल असा श्वास सोडला आणि ढकलला. चेंडू मधोमध गेला. पासष्ट मिलिमीटरमधला एकही मिलिमीटर लागला नाही.

मला वाटलं, संपलं. ऑर्डर गेली. साहेब क्षणभर चेंडूकडे बघत राहिले. मग हसले, टोपी काढली, हात मिळवला. मागच्या खिशातून पाकीट काढलं आणि पाचशेची नोट याच्या हातावर ठेवली. म्हणाले, "घ्या. खेळाचा हिशोब उधार ठेवायचा नसतो."

हे वाक्य मी तिथेच मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

पार्किंगमध्ये मित्राने विचारलं. नाश्त्याला नाही, हळूच नाही, सरळ विचारलं. "साहेब, जूनचं बिल. 115 दिवस झाले. माझ्या पोरांचा बोनस आहे त्यात." साहेब म्हणाले, "अकाउंट्सला बघायला सांगतो." गाडीत बसले, गेले.

आम्ही परत निघालो. नाशिक फाट्याच्या सिग्नलला तो एकदम हसायला लागला. नोट हातात होती. म्हणाला, "माझ्या धंद्यात पहिल्यांदा पंचेचाळीसच्या आत पेमेंट आलं. पंचेचाळीस सेकंदांच्या."

मंगळवारी, 30 सप्टेंबरला, साडेअकरा लाख खात्यात आले. 117वा दिवस.

आता तुम्ही म्हणाल, पट घातला म्हणून आले. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं. पण मित्राचे सीए वेगळं सांगतात. ज्या कंपन्यांकडे लघु उद्योगांचे 45 दिवसांच्या वरचे पैसे थकलेत, त्यांना वर्षातून दोनदा सरकारला तसं विवरणपत्र द्यावं लागतं. एप्रिल ते सप्टेंबरचं 31 ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचं 30 एप्रिलपर्यंत. त्यात कोणाचे किती थकले आणि का, हे लिहायचं. 30 सप्टेंबरला बाकी दिसू नये म्हणून कोणीतरी यादी काढली असेल, त्यात याचं नाव आलं असेल. दोन वर्षं पहाटे उठून, कंबर धरून, एक हात गोरा करून जे झालं नाही, ते कदाचित एका फॉर्मने केलं. साहेबांना विचारायची सोय नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, "पट चांगला होता, एवढं मला माहीत."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. शेडमध्ये मशीनना झेंडूचे हार घातले होते. जुन्या लेथवर हळद-कुंकू, शेजारी व्हर्निअर, मायक्रोमीटर, आणि त्यांच्या रांगेत एक गोल्फची काठी. काठीखाली पाचशेची नोट. चौदा जणांना बोनस सांगून झाला होता. एका पोराने विचारलं, "शेठ, ही काठी कुठल्या मशीनची?" मित्र म्हणाला, "वसुलीच्या."

ऑर्डर गेली नाही, हेही सांगतो. साहेब अजून बोलावतात आणि आता जरा नीट खेळतात. हाही नीट खेळतो. कधी हा जिंकतो, कधी ते. पाचशेची नोट दर वेळी तिथल्या तिथे हात बदलते. ऑक्टोबरचं बिल मात्र 45 दिवस ओलांडून गेलं. शेवटच्या जॉब कार्डावर एवढंच लिहिलंय : 'पट जमला. पेमेंटचा सराव चालू.'

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणमध्ये अशा हजारो शेड आहेत. सगळ्यांनी गोल्फ शिकणं शक्य नाही, तेवढी मैदानंही नाहीत. म्हणून एक विनंती. ही पोस्ट वाचणाऱ्यांत मोठ्या कंपन्यांच्या परचेस आणि अकाउंट्समधली बरीच मंडळी आहेत, मला माहीत आहे. उद्या ऑफिसला गेलात की लघु उद्योगांची थकबाकी काढून बघा. 45च्या वर कोण कोण आहे, ते फक्त बघा. त्यातलं एखादं बिल, जे निव्वळ कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलंय, ते पुढे सरकवा. आणि रविवारी एखादा सप्लायर तुमच्याशी खेळताना दोन फुटांवरून चुकला, तर 'हार्ड लक' म्हणण्याआधी त्याचं बिल किती दिवसांचं आहे, ते आठवून बघा.